नावाच्या चौकटीत मराठी अक्षर मावेना

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तो बहुधा मुलांचे डोळे, त्यांचा अभ्यास आणि पैसे लावून खेळले जाणारे डाव यांच्यापाशीच थांबतो. माझी तक्रार त्या मानाने अगदी लहान आहे, म्हणजे शब्दशः एका चौकटीएवढी. खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक चौकट उघडते आणि तुझे नाव काय, असे विचारते. त्या चौकटीत मराठी नाव मराठी अक्षरांत पुरते लिहिता येत नाही, एवढेच मला मांडायचे आहे. पस्तीस वर्षे मी मुद्रितशोधकाचे काम केले. छापलेल्या मजकुरात एक वेलांटी गळलेली दिसली तरी हात आपोआप समासाकडे जातो, त्यामुळे ही गोष्ट इतरांहून मला अधिक खुपली असेल, हे आधीच मान्य करतो.

घडले ते असे. माझी नात मृण्मयी नऊ वर्षांची आहे. मे महिन्याच्या सुटीत ती आमच्याकडे सांगलीला आली असताना तिने आईच्या फोनवर एक खेळ उतरवून घेतला. खेळाची भाषा निवडायच्या यादीत मराठी होती, याचेच मला कौतुक वाटले. आधी एक मुलगी निवडायची, तिचे केस, कपडे, चपला ठरवायच्या आणि मग तिला नाव द्यायचे. केस आणि कपडे यांत पाऊण तास गेला. नाव लिहायची वेळ आली तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात 'कमाल सहा अक्षरे' असे लिहिलेले होते आणि शेजारी एक बारीक आकडा होता. मी चष्मा लावून शेजारी बसलो होतो. मृण्मयीने 'मृ' लिहिले तेव्हा आकडा दोनवर गेला. 'ण्' लिहिले तेव्हा चारवर. 'म' झाल्यावर पाच, 'य' झाल्यावर सहा, आणि तिथे चौकट मिटली. शेवटची दीर्घ वेलांटी तिने चारपाच वेळा दाबून पाहिली; ती काही उमटली नाही. चौकटीत उरले ते 'मृण्मय'. मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको: एका वेलांटीपायी मुलीच्या नावाचे मुलाचे नाव झाले होते. पहिला टप्पा पार होताच दोन वेण्या घातलेल्या त्या चित्रातल्या मुलीच्या डोक्यावर अक्षरे झळकली, 'शाब्बास मृण्मय, तू जिंकलास!' नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, हा मला मुलगा समजतोय."

तिचे नाव तीन अक्षरांचे आहे. मृ, ण्म, यी. पहिलीतले कोणतेही मूल बोटांवर मोजून तीनच सांगेल. यंत्र सात मोजते, कारण संगणकाच्या युनिकोड या सांकेतिक व्यवस्थेत म, ऋकाराची खूण, ण, पायमोड म्हणजे हलन्त, पुन्हा म, य आणि वेलांटी असे सात सुटे घटक साठवलेले असतात. साठवण तशी असायला माझी हरकत नाही. छापखान्याच्या केसमध्येही, म्हणजे खणांच्या पेटीतही, अक्षरांचे खिळे सुटेच असत. पण ते खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने ओळीत किती अक्षरे बसतील हे खिळे मोजून ग्राहकाला कधी सांगितले नाही. त्यातही जिथे नावाची मर्यादा घटकांवर नसून साठवणुकीच्या बाइटवर असते, तिथे आपली स्थिती आणखी वाईट होते. सर्वाधिक वापरात असलेल्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन. म्हणजे सोळा बाइटच्या चौकटीत इंग्रजी नावाला सोळा अक्षरांची ऐसपैस जागा मिळते, आणि आमची मृण्मयी एकवीस बाइट मागते म्हणून दारातच अडते.

हे सगळे तांत्रिक आहे, त्याला इलाज नाही, असे मला एका तरुण नातलगाने समजावले. मी जुना माणूस असलो तरी थोडे वाचले. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून त्या व्यवस्थेत आहे. आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर कोठे सुरू होते व कोठे संपते, हे ठरवण्याचे नियमही त्याच व्यवस्थेने घालून दिलेले आहेत. पूर्वी त्या नियमांत एक उणीव होती. हलन्तापाशी जोडाक्षराचे दोन तुकडे होत, 'ण्म' हे दोन मोजले जाई. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत ती उणीव देवनागरीसह आपल्याकडच्या काही लिप्यांपुरती दूर केली गेली. अक्षर एकच मोजावे हे आता मानकच सांगते. जोडाक्षर पडद्यावर नीट जुळवून दाखवण्यासाठी 'हार्फबझ' नावाची विनामूल्य आज्ञावली कित्येक वर्षे उपलब्ध आहे, आणि आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये ती रोज राबत असते. तिच्या नावातला फारसी 'हर्फ' म्हणजे आपण 'तोंडातून एक हरफ काढला नाही' म्हणतो तो हरफच. तेव्हा फोनला जे जमते ते त्याच फोनवरच्या खेळाला जमू नये, याचे कारण तंत्रात नसून कोणाला ते जमवावेसे वाटले नाही यात आहे.

खेळातल्या नावाचा प्रश्न मराठीपुरता नाही, हे खरे. मुळात या चौकटीचा जन्मच तंगीत झालेला आहे. १९७९ सालच्या 'ॲस्टेरॉइड्स' या नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर अधिक गुण मिळवणाऱ्याला आपल्या नावाची तीन आद्याक्षरे नोंदवता येत. (नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आपली रीत असल्याने तीन आद्याक्षरांचा तो हिशेब मराठी माणसाला चपखल बसला असता, पण ती यंत्रे आमच्या गावापर्यंत यायला फार उशीर झाला.) १९८६ साली जपानात निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये नायकाचे नाव चार काना अक्षरांत बसवावे लागे. जपानी काना म्हणजे आपला काना नव्हे. त्यांचे एक अक्षर म्हणजे एक पुरता उच्चार, म्हणून चारांतही बरेच काही मावते. त्या खेळाची खरी गंमत अशी की नावातल्या अक्षरांवरून आतल्या आत गणित होऊन नायकाची ताकद आणि चपळाई पुढे कशी वाढणार, हे ठरत असे. आपल्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिथे मात्र नाव पाहूनच वाळ्याचा धातू ठरत होता. त्याच वर्षीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये नायकाऐवजी राजकन्येचे, म्हणजे झेल्डाचेच नाव लिहिले, तर वेगळी भुयारे असलेला दुसरा, अधिक अवघड खेळ उघडत असे.

म्हणजे नाव ही खेळात शोभेची गोष्ट कधीच नव्हती. १९९४ साली जपानात आलेल्या 'मदर २' या खेळात, जो बाहेर 'अर्थबाउंड' म्हणून ओळखला जातो, चार मित्रांची नावे, कुत्र्याचे नाव आणि आवडता पदार्थ असे सगळे आरंभीच विचारून घेत. पुढे नायक दमूनभागून घरी गेला की आई तोच पदार्थ करून वाढी. आमच्या मृण्मयीने तिथे पुरणपोळी लिहिली असती यात शंका नाही, फक्त ती पुरणापर्यंतच मावली असती की काय, अशी भीती वाटते. पोकेमॉनच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत खेळणाऱ्याच्या नावाला सात रोमन अक्षरे मिळत. मी गंमत म्हणून नातीचे नाव रोमन लिपीत कागदावर मांडून पाहिले. ते आठ अक्षरांचे होते, आणि सातवर तोडले की तिथेही 'मृण्मय'च उरतो! त्या मालिकेने पुढच्या आवृत्त्यांत ही मर्यादा वाढवून बारावर नेली. थोडक्यात, जागा वाढवता येते आणि इतरांसाठी ती वाढवली गेलेली आहे.

नावाने निर्मात्यांपुढे किती पेच टाकले याचे माझे आवडते उदाहरण 'फायनल फँटसी'च्या दहाव्या, २००१ सालच्या भागाचे आहे. त्या मालिकेत पात्रे प्रथमच आवाजात बोलू लागली. पण नायकाचे नाव खेळणारा बदलू शकतो, मग ध्वनिमुद्रणात कोणते नाव घ्यायचे? त्यांनी तोड अशी काढली की संपूर्ण खेळात कोणतेही पात्र त्याला नावाने हाक मारतच नाही. जुन्या घरातली सून जशी नवऱ्याचे नाव न घेता 'अहो', 'इकडे' यांवर जन्म काढत असे, तसा अख्खा खेळ त्यांनी निभावून नेला आहे. याउलट २०१५च्या 'फॉलआउट ४'मध्ये यंत्रमानव नोकराच्या आवाजात नऊशेहून अधिक नावे आधीच मुद्रित करून ठेवली होती. तुमचे नाव त्या यादीत असेल तर तो तुम्हाला खरोखर नावाने हाक मारतो. नऊशे नावे बोलून घेण्याची हौस जिथे आहे, तिथे एक वेलांटी अडू नये.

आता रूपाकडे वळतो, कारण तुलनेशिवाय माझा मुद्दा पुरता होत नाही. नाव जागच्या जागी राहिले, पण रूपाच्या बाबतीत या खेळांनी गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. पोकेमॉनमध्ये मुलगी म्हणून खेळता येऊ लागले ते २००० सालच्या 'क्रिस्टल'पासून, आणि त्वचेचा रंग निवडता येऊ लागला तो २०१३च्या 'एक्स' व 'वाय' या भागांत. 'द सिम्स ४'मध्ये डिसेंबर २०२०च्या सुधारणेत त्वचेच्या शंभराहून अधिक नव्या छटा आल्या, आणि २०२१मध्ये तर मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेल्या कपड्यांचा एक संच आला. 'माइनक्राफ्ट'मध्ये २०२२ साली जी सात नवी पात्रे दिली गेली त्यांत नूर आणि सनी अशी नावे आहेत. हे सारे चांगलेच झाले. आपल्यासारखे दिसणारे कोणी पडद्यावर धावताना पाहिले की मुलांचा चेहरा कसा उजळतो, हे मी पाहिले आहे.

मुलांचाच नव्हे. त्या दुपारी मृण्मयीने आजीलाही आपल्यासाठी एक पात्र बनवायला बसवले. आमच्या सौभाग्यवतींनी त्वचेच्या छटा एकेक करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "मी सावळी आहे, मला सावळीच कर, उगाच उजळ नको." अंबाडा मिळाला. साडी नव्हती, तिच्याऐवजी एक लांब झगा चालवून घेतला. कुंकू कोठेच नव्हते. चेहऱ्यावर लावायच्या गोष्टींत वाघाचे पट्टे, चांदण्या आणि जखमेचे व्रण तेवढे होते, तेव्हा नातीने सर्वांत लहान लाल चांदणी कपाळाच्या मध्यावर सरकवून दिली. मग चौकट उघडली आणि नातीने विचारले, "आजी, नाव काय लिहू?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुसुम लिही."

संपादक महाशय, आमचे लग्न १९७४ साली झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचे नवे नाव लिहिले, आणि त्या दिवसापासून घरात, रेशन कार्डावर, बँकेच्या पुस्तकात तेच आहे. कुसुम हे तिचे माहेरचे नाव. तिचा शेवटचा भाऊ गेल्यावर त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरलेले नाही. ती हे नाव सांगेल असे मला वाटलेच नव्हते, आणि नातीला तर ते नाव ठाऊकही नव्हते. 'कुसुम'चे यंत्राच्या हिशेबाने पाच घटक होतात, म्हणून ते सहाच्या चौकटीत आरामात बसले. पडद्यावर कपाळी चांदणी लावलेली, अंबाडा घातलेली सावळी कुसुम दोन्ही हात वर करून उड्या मारू लागली आणि आजी पदर तोंडाला लावून हसत राहिली. ते नाव पन्नास वर्षे ज्याने पुसले त्या माणसाने या प्रसंगावर जास्त न बोललेलेच बरे. मला इतकेच नमूद करायचे आहे की ते नाव सहा घटकांहून मोठे असते, म्हणजे तिचे माहेरचे नाव 'शकुंतला' असते, तर सात घटकांपायी ते 'शकुंतल' एवढेच उरले असते.

रूपाला इतकी जागा आणि नावाला एवढी टंचाई का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला दिसते ते कारण व्यवहाराचे आहे. जे खेळ फुकट उतरवता येतात त्यांची कमाई मुख्यतः पात्राच्या पोशाखांवर आणि सजावटीवर होते. मुलांच्या भाषेत ज्याला 'स्किन' म्हणतात ती विकली जाते. म्हणून टोप्या शंभर, बूट शंभर. नाव मात्र पहिल्यांदा फुकट असते, आणि आपल्याकडे मुले सर्वाधिक खेळतात त्या लढाईच्या खेळात ते बदलायचे झाले तर नाव बदलण्याचे कार्ड लागते. ज्या गोष्टीवर पैसा सुटत नाही तिच्यासाठी अभियंत्याचा आठवडा कोण खर्च करणार? हे समजू शकते. पटत नाही, एवढेच.

मुले स्वतः यातून ज्या वाटा काढतात त्या पाहण्यासारख्या आहेत. माझ्या भाच्याचा मुलगा अकरावीत आहे. त्याचे खेळातले नाव रोमन लिपीत आहे, त्यातली काही अक्षरे मोठी, काही लहान, आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टीचे सुंदर कंस. असे कंस त्याच्या साऱ्या मित्रांच्या नावांभोवती आहेत. ते कोठले म्हणून मी शोधले, तर ती निघाली इंडोनेशियातल्या जावानीज लिपीतली शीर्षकाभोवतीची चिन्हे! म्हणजे तासगावचा मुलगा रोमन अक्षरांत आपले नाव लिहितो आणि त्याला जावा बेटावरची महिरप लावतो. खेळाला ती महिरप चालते, कारण ती सुटी, एकेकटी खूण आहे. मात्र त्याच चौकटीत 'श्रीकृष्ण' असे देवनागरीत लिहिले तर कधी पोकळ चौकोन दिसतात, कधी पायमोडलेली सुटी अक्षरे एकमेकांशेजारी उभी राहतात. पहिली वेलांटी तर अनेक ठिकाणी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन बसते. 'निखिल' हे नाव मी स्वतः अशा अवस्थेत पाहिले आहे. त्या मुद्रितावर मी कधीच सही केली नसती.

नाव नुसते मावून भागत नाही, ते वाक्यात चालावेही लागते, आणि इथे मराठी भाषांतरे आणखी एकदा घसरतात. त्या खेळात पुढे एक ओळ आली: 'मृण्मय ने किल्ली मिळवली.' नाव आणि 'ने' यांच्यामध्ये चांगली ऐसपैस जागा. हिंदीत 'ने' सुटा लिहितात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच येतो, हे तिसरीच्या पुस्तकात आहे. हिंदीचे वाक्य समोर ठेवून शब्द बदलले की असे होते. 'जिंकलास'चेही तेच. इंग्रजीत दुसऱ्या पुरुषाला लिंग नाही, म्हणून तिथे एक वाक्य सर्वांना पुरते. मराठीत मुलगा जिंकलास आणि मुलगी जिंकलीस. मुलगी निवडली आहे हे खेळाला ठाऊक असताना त्याने क्रियापद बदलायला हवे होते. आणि तेवढाही खटाटोप नको असेल तर मराठीतच सोपी सोय आहे: 'शाब्बास, बाजी मारलीस!' इथे क्रियापद बाजीच्या लिंगाने चालते, त्यामुळे मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच. भाषांतर करणाऱ्याने एका मराठी माणसाला फोन केला असता तरी हे त्याला मिळाले असते.

एक उपद्रव आणखी सांगतो आणि पुढे जातो. अश्लील नावे अडवण्यासाठी खेळांत चाळण्या बसवलेल्या असतात, आणि असायलाही हव्यात. पण या चाळण्या इंग्रजीच्या हिशेबाने विणलेल्या आहेत. दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत लिहिले की त्याच्या शेवटच्या चार अक्षरांत त्यांना शिवी दिसते, आणि सभ्य घरातले मूल पहिल्याच चौकटीत असभ्य ठरते. पोकेमॉनच्या 'ब्लॅक' व 'व्हाइट' या भागांत तर कोफाग्रिगस या त्यांच्याच एका प्राण्याचे नाव त्यांच्याच चाळणीत अडकले होते. त्याला टोपणनाव दिल्याशिवाय खेळणाऱ्यांमधल्या प्राण्यांच्या जागतिक देवाणघेवाणीत ठेवता येत नसे. त्याच वेळी मराठीतल्या अस्सल शिव्या मात्र रोमन वेषात बिनधास्त फिरताना त्या भाच्याच्या मुलाच्या यादीत मी वाचल्या आहेत, ज्या इथे लिहिता येणार नाहीत.

हे पत्र परदेशी कंपन्या वाचतील अशी माझी समजूत नाही. पण पुणे काही परदेशात नाही. 'राजी' हा प्राचीन भारताची पार्श्वभूमी असलेला, २०२०मध्ये जगभर गाजलेला खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. २०२४मध्ये आलेला 'इंडस' हा पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. घराघरांत खेळला जाणारा 'लुडो किंग' नवी मुंबईच्या गेमेशनचा. ज्यांनी एवढी मोठी कामे हातावेगळी केली त्या मंडळींना नावाची चौकट अवघड नाही. तेव्हा नवे खेळ आखताना त्यांनी ती पहिल्या दिवसापासून देवनागरीच्या मापाने आखावी, अशी माझी विनंती आहे. नंतर ठिगळ लावणे महाग पडते, हे छापखान्यातही खरे होते.

दुसरी विनंती राज्य शासनाला आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आणि २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या दोन गोष्टींची कोठे गाठ पडावी असे कोणाला वाटत असेल, तर ती नावाच्या चौकटीत घालता येईल. शासनाचे साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक खेळात खेळणाऱ्याचे नाव देवनागरीत लिहिता, दिसता आणि अक्षराप्रमाणे मोजता आले पाहिजे, अशी एका ओळीची अट पुरेशी आहे. यासाठी समिती नेमू नये, अशी पोटविनंतीही करून ठेवतो.

लिपीची अडचण सांगून आपल्या लोकांनी हात झटकले नव्हते, हे मी माझ्या धंद्याच्या पूर्वपुण्याईवरून सांगू शकतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे इतके देखणे खिळे पाडले की त्यांची पुस्तके आजही डोळ्यांना सुखावतात. आणि तिथे जोडाक्षर म्हणजे धातूत कोरायचा, ओतायचा आणि केसमध्ये हुडकून काढायचा खरोखरचा खिळा होता. आजच्या मुलांना त्यातले काहीच करायचे नाही, तरी त्यांच्या हाताखालून 'ण्म' निसटतो.

मुद्रितशोधक नुसती चूक दाखवून थांबत नाही, दुरुस्ती समासात लिहून देतो. तेव्हा खेळ तयार करणाऱ्यांनी आपली चौकट तपासून पाहण्यासाठी पुढील नावे टाकून पाहावीत. मृण्मयी, जोडाक्षर आणि ऋकार यांसाठी. ज्ञानेश्वर, ज्याची अक्षरे चार आणि घटक दहा. शर्वरी, रफार डोक्यावर जातो की नाही हे पाहायला. निखिल, दोन्ही पहिल्या वेलांट्यांसाठी. बाळकृष्ण, कारण हिंदीवरून उचललेल्या कळफलकांत आणि अक्षरसंचांत 'ळ' हरवलेला असू शकतो. ॲन, कारण वसईत आणि गोव्यात ते नाव घरोघरी आहे आणि अर्धचंद्र असलेला 'अ' पुष्कळ ठिकाणी उमटत नाही. आणि कऱ्हाडकर, कारण 'ऱ्हा'मधला र हा खास आपला आहे, आणि यंत्र त्याचा हमखास रफार करून टाकते. ही सातही नावे पाच किंवा त्याहून कमी अक्षरांची आहेत. चौकटीत सहाच अक्षरे द्यायची असतील तर खुशाल सहाच द्यावीत, पण ती अक्षरे असावीत.

मृण्मयीने त्या खेळात सध्या 'मिनू' या नावाने काम भागवले आहे. दिवाळीच्या सुटीत ती पुन्हा येईल तेव्हा दोघे मिळून चौकट पुन्हा तपासू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली